पयलो आवाज तुझ्या दारात

परवा मालवणच्या मासळीबाजारात बांगडे निवडत होते. टोपलीमागची बाई माझ्याकडे निरखून बघायला लागली. "गो, तू तीच मां? त्या बँडातली, ढोल बडयणारी?" ढोल नव्हे, ड्रम्स, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडे कोळंबी सोलत बसलेली एक म्हातारी सगळा बाजार ऐकेल अशा आवाजात ओरडली, "व्हय म्हाराजा!" झालं. सगळ्या टोपल्या हसल्या. मीही हसले, आणि बांगडे तिथेच विसरून गाडीला किक मारून तडक देवबागला घरी आले. आईने विचारलं, मासे खंय? मी म्हटलं, समुद्रात.

हे असं अजून होतं. बँड मोडून बरीच वर्षं झाली, तरी कणकवलीच्या स्टँडवर, सावंतवाडीच्या लग्नात, कुठेही कुणीतरी ते दोन शब्द माझ्या अंगावर फेकतं. कॉलेजातली पोरं तर आमच्याबद्दल असं बोलतात की आम्ही तिघं मेलोच आहोत. 'दंतकथा' म्हणतात. हार्ड रॉक वाजवणारा, मालवणीत किंचाळणारा, जिल्ह्यातला पहिला बँड. मला या कौतुकाचा राग येतो. दंतकथा झालं की तुम्हाला कुणी विचारत नाही, बाई गं, तुझं पुढे काय झालं?

म्हणून सांगते. बँडचं नाव मात्र लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

सुरुवात माझ्या बोटांपासून करावी लागेल. माझी बोटं लहानपणापासून गप बसत नाहीत. जेवायला बसले की ताटाची कड, शाळेत बाक, देवळात खांब, जे समोर येईल त्यावर ती चालू. आई कावायची. "भांडी वाजवू नको गो, घरात भांडणा होतत." भांडणं तशीही व्हायची. गणपतीत घरोघर भजनं असायची तेव्हा मी टाळ घेऊन पखवाजाच्या शेजारी चिकटून बसायचे. एकदा बुवा चहाला उठले आणि मी पखवाज मांडीवर घेतला, तर चार जणांनी एकदम हात धरला. बायकांनी वाजवायचा नसतो म्हणे. का नसतो, हे आजवर एकानेही धड सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी टाळ फेकले ते फेकलेच.

आमच्या वाडीत एक ख्रिस्ती कुटुंब होतं. त्यांचा एक मामा गोव्याला लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. त्याने म्हातारपणी आपले ड्रम्स बहिणीच्या पडवीत आणून ठेवले होते. त्या घरचा मुलगा माझ्यापेक्षा थोडा मोठा, चर्चमध्ये गिटार वाजवायचा आणि शाळेत संगीत शिकवायचा. मी त्यांच्या अंगणात जाऊन नुसती उभी राहिले. त्याच्या आईने विचारलं, "काय व्हया गो बाय?" मी ड्रम्सकडे बोट केलं. ती म्हणाली, "वाजय मगे. हयसर कोणाची झोप मोडूची नाय, माझो घोव बहिरो आसा." नियम नाही, कारण नाही, वाजव म्हणाली. त्या माउलीला मी कधीही विसरणार नाही.

तिचा मुलगा आमचा गिटारवाला. तिसरा, म्हणजे आमचा गाणारा, मला कॉलेजात भेटला. तो वरच्या बाजूचा, फोंडाघाटाच्या पायथ्याजवळच्या एका गावचा. घरी भात आणि काजू. वैभववाडीला स्टेशनाजवळ त्याने मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. त्याला गाणं बिणं काही येत नव्हतं. त्याचा आवाज तयार झाला होता माकडं हाकलून. काजूच्या बागेत माकडांची टोळी शिरली की डोंगराच्या एका अंगाला उभं राहून असं ओरडावं लागतं की दुसऱ्या अंगाची माकडंसुद्धा पळाली पाहिजेत, आणि उद्या सकाळी परत ओरडायला घसा शिल्लक राहिला पाहिजे. जगभरचे हार्ड रॉक गाणारे ज्या आवाजासाठी सराव करकरून घसा बसवून घेतात, तो याला बापजाद्यांच्या बागेत आयता मिळाला होता. गिटारवाल्याने त्याच्या गळ्यात बेस गिटार अडकवली आणि चार जागा दाखवून दिल्या. तेवढ्या पुरल्या.

सराव आम्ही पावसाळ्यात करायचो, कारण पावसाळ्यात देवबागला कुणी कुत्रं येत नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे आमची वाळूची पट्टी. चार महिने पर्यटक बंद, सुरुवातीचे दोन महिने मासेमारीही बंद. आमचं घर म्हणजे होमस्टे. बाबा बोटीची सफर करवायचे, त्यांची शेड रिकामी असायची. आम्ही खोल्यांतल्या सगळ्या गाद्या काढून शेडच्या पत्र्याला आतून बांधल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आवाज जायचाच. समुद्र एवढा गरजत असायचा की गिटारवाल्याला माझा ठेका ऐकू यायचा नाही. मग आम्ही समुद्रापेक्षा मोठ्याने वाजवायचो. लोक विचारतात, तुम्ही हार्ड रॉकच का निवडलं? अहो, निवडलं कुठे, दुसरं काही ऐकूच आलं नसतं. खाऱ्या हवेने गिटारच्या तारा आठवड्यात गंजायच्या आणि माझ्या ड्रमची कातडी ओल्या पापडासारखी पडायची. दिवाळीत गाद्या परत पलंगांवर गेल्या की पाहुणे तक्रार करायचे, गाद्यांना घामाचा वास येतोय. आई शांतपणे सांगायची, समुद्राचा आहे.

मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. आम्ही तिघांनी असंच राहावं. त्या शेडमध्ये बसले की माझी बोटं पहिल्यांदा कामाला लागल्यासारखी वाटायची. एरवी मी घरातली भांडी वाजवणारी, बघायला आलेल्या मुलाच्या आईसमोर चहाचा ट्रे वाजवणारी मुलगी होते. बँड नसेल तर मी कोण, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते शोधायची माझी तयारीही नव्हती.

आता गाऱ्हाण्याची गोष्ट. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. नवी होडी पाण्यात लोटा, लग्न काढा, शेताला कुंपण घाला. कुणीतरी एक जण उभा राहून देवाशी मोठ्याने बोलतो, आम्ही हे करतोय, सांभाळून घे, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. आमच्या गाणाऱ्याच्या घरात गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचा मान होता. त्याचे वडील घालायचे. त्याच्या कानात ते जन्मापासून होतं.

आमचा पहिला कार्यक्रम मालवणला, किनाऱ्यावर, पर्यटनाच्या कुठल्याशा उत्सवात. आमच्या आधी लावणी झाली होती. लोक उठून भेळेकडे निघाले होते. आम्ही पहिला सूर लावला आणि जनरेटर बंद पडला. गिटार गेली, बेस गेली, दिवे गेले. राहिला निवेदकाचा बॅटरीवरचा भोंगा आणि माझे ड्रम. गिटारवाला घाबरून वायरी हलवत बसला. गाणाऱ्याने भोंगा उचलला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, गाऱ्हाणंच सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरा आज हयसर वाजवूक इली आसत..."

तो श्वास घ्यायला थांबला. त्या थांबलेल्या जागेत मी पायाचा आणि हातांचा मिळून एकच दणका दिला. धडाम. आणि भेळेच्या गाड्यांपासून पाण्यापर्यंत सगळा किनारा ओरडला, "व्हय म्हाराजा!"

"...तेंचो जनरेटर कोणी बंद पाडल्यान आसात..." धडाम. "व्हय म्हाराजा!" "...तेका आजच्या आज हगवण लागांदे..." धडाम. "व्हय म्हाराजाऽऽ!"

भेळवाल्यासकट सगळे परत आले. वीज आली तेव्हा आम्ही तिथूनच थेट माकडं हाकलण्यावर बांधलेल्या आमच्या माकडांच्या गाण्यात शिरलो. पुढचं मला फारसं आठवत नाही, एवढं आठवतं की उतरल्यावर मी मोठमोठ्याने हसत होते.

मग तोच आमचा शिरस्ता झाला. आधी गाऱ्हाणं, त्याचं वाक्य, माझा दणका, लोकांचा होकार, आणि मग गाणी. कुणीतरी मोबाईलवर टाकलं. मुंबईच्या चाकरमान्यांनी ते इतकं फिरवलं की शिमग्याला गावी आलेली माणसं आमच्याकडे बोट करून एकमेकांना दाखवायला लागली. कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी, मग घाट चढून कोल्हापूर. कोल्हापूरच्या पोरांना मालवणी कळत नव्हतं, पण कुठे ओरडायचं ते बरोबर कळत होतं. गाणारा दर वेळी नवं मागणं मागायचा. पोरांना मोबाईलचं नेटवर्क मागायचा, हायवेला डांबर मागायचा, म्हाताऱ्यांना एसटीत खिडकी मागायचा. लोक हसून हसून होकार द्यायचे. आम्ही घाटातून परतताना गाडीत तिघं एकमेकांच्या अंगावर झोपायचो. झोप कसली, मी गाणाऱ्याच्या गुडघ्यावर ठेके वाजवत असायचे, तो झोपेत म्हणायचा, "गप रव गो मेले."

कणकवलीच्या कार्यक्रमाला त्याचे वडील आले. पहिल्या रांगेत, धोतर, टोपी, कानात कापसाचे बोळे. आम्हा तिघांनाही वाटलं, आता देवाची चेष्टा केली म्हणून झाडणार. ते शेवटपर्यंत बसले. मग मागे येऊन मुलाला म्हणाले, "बरा घालतंस रे गाराणा. पण एक ध्यानात ठेव. देवाक उगाच हाक मारू नये. हाक मारल्यार तो येता." आणि एसटी चुकेल म्हणून लगबगीने गेले. मी आणि गिटारवाला खूप हसलो. तो हसला नव्हता, हे मला नंतर आठवलं.

त्यानंतर गोव्यातली स्पर्धा. जिंकणाऱ्याला पुण्याजवळच्या एका मोठ्या मैदानावर वाजवायला मिळणार होतं, जिथे देशभरातले नावाजलेले बँड येतात. मला ते इतकं हवं होतं की दोन दिवस अन्न गेलं नव्हतं. आमची पाळी आली. गाणारा माइकपाशी गेला आणि त्या दिवशी त्याने नेटवर्क मागितलं नाही, डांबर मागितलं नाही.

"बा देवा म्हाराजा, आज जर ह्या आमचा बरा झाला..." धडाम. "व्हय म्हाराजा!" "...तर दुसरीकडे खंय वाजवच्या आधी, येतल्या जत्रेक पयलो आवाज तुझ्या दारात करू!"

मी दणका दिला. हजारभर माणसं, त्यात निम्मी गोव्याची, ओरडली, व्हय म्हाराजा. मला ते झकास वाटलं. वाक्य छान पडलं, एवढंच.

आम्ही जिंकलो.

आमच्या लोकांखेरीज ही चूक कुणी करणार नाही. दुसरीकडचा गाणारा रंगमंचावर काहीही बोलतो आणि उतरल्यावर विसरतो. आमच्याकडे गाऱ्हाण्यात नवस बोललात आणि वर माणसांनी होकार दिला, की ते बोलणं तुमचं राहत नाही. गाडीत तो म्हणाला, "आता जत्रा झाल्याशिवाय पुण्याक जावक येवचा नाय." मी म्हटलं, जत्रा कधी आहे? तो म्हणाला, "देव सांगात तेव्हा."

हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या गावची जत्रा पंचांग बघून ठरत नाही. देवाला कौल लावतात. ओल्या पाकळ्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. या तारखेला करू का? नाही. पुढच्या? नाही. त्या वर्षी देव तारीखच देईना. डावी, डावी, पुन्हा डावी. इकडे पुण्याचे दिवस जवळ येत होते, तिकडचे लोक फोन करत होते, आणि मी वाडीत वेड्यासारखी येरझाऱ्या घालत होते. समुद्रापर्यंत जायचं, तिथून खाडीपर्यंत यायचं. आमच्याकडे दोन्हीमधे चालायला जागा तरी किती. गिटारवाल्याला म्हटलं, तू तरी समजाव त्याला. तो मान हलवून म्हणाला, "आमच्यातय आंगवण केली की फेडूची लागता. सायबिणीक मेणबत्त्यो बोललंस तर त्यो पेटवूकच व्हयेत." आंगवण म्हणजे नवसच, आणि सायबीण म्हणजे त्यांची मेरीमाता. म्हणजे हाही तिकडचाच.

शेवटी त्याच्या वडिलांनीच मार्ग काढला. देवालाच विचारू, पोरांना आधी पुण्याला जाऊ देतोस का, तुझं देणं ती मागाहून फेडतील.

आम्ही सकाळी देवळात गेलो. मानकरी जमले होते. वडिलांनी गाऱ्हाणं घातलं. मी खरं गाऱ्हाणं इतक्या जवळून पहिल्यांदा ऐकत होते. त्यात थांबायला जागाच नव्हती. त्यांचं वाक्य संपायच्या आत लोकांचा होकार त्याला भिडायचा, भिंतीतल्या चिऱ्यांसारखा. माझा दणका यात कुठे बसणार, असा विचार तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आला.

पाकळ्या चिकटवल्या.

पाकळी पडेना. कुणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर कुणाची तरी गाय हंबरली. मला बघवत नव्हतं. मी सभामंडपाच्या लाकडी खांबाला टेकून डोळे मिटून उभी होते, आणि मग उजवी पाकळी पडली. मी ओरडलेच. वडील मोठ्याने म्हणाले, "दिल्यान कौल!" तेवढ्यात एक म्हातारा मानकरी माझ्याकडे वळला. "चेडू खांबार बोटा वाजवत होता. हादऱ्यान पडली ती."

माझी बोटं खांबावर होती, हे खरं. ती वाजत होती, हेही खरं. ती कधी वाजत नसतात? पण मला कुणीतरी सांगा, लाकडाच्या खांबावर बोटं वाजवून दहा पावलांवरचा काळा पाषाण हलतो का? मी हेच विचारलं, जरा चढ्या आवाजात. देवळात बाईने आवाज चढवला म्हणून आणखी दोघे चिडले. वडिलांनी हात वर केला. "देव बोटांन हलता तर तो देव कसलो? कौल तो कौल. पोरांनू, जावा." माझ्याकडे बघून ते हसलेसुद्धा.

म्हणजे देवाची परवानगी होती. गावच्या मानकऱ्याची होती. नव्हती ती एकाचीच.

देवळाच्या बाहेर, जांभ्याच्या पायऱ्यांवर, गाणारा चपला न घालताच उभा राहिला. "मी येवचंय नाय," म्हणाला.

"कौल मिळालो मां?"

"तुझी बोटां मी बघत होतंय. माकडांच्या गाण्याचो ठेको होतो तो. पयल्यापासून शेवटापर्यंत." मग, राग नव्हता त्याच्या आवाजात, त्यानेच मला जास्त लागलं, "कौल डावो पडलो असतो, तर तू थांबलं असतंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द बोलायचा होता. "नाय," मी म्हटलं. "गेलं असतंय."

"मगे जा," तो म्हणाला.

मी त्याला नाही नाही ते बोलले. घाबरट म्हटलं, दगडाचा गुलाम म्हटलं. आजही मला वाटतं की त्याने यायला हवं होतं. देवाने जा म्हटल्यावर तू कोण थांबणारा? पण हे वाद मी आता एकटीच घालते, गाडी चालवताना, हेल्मेटच्या आत.

पुण्याला आम्ही दोघं गेलो. तिथल्या हवेत मीठ नव्हतं. माझे ड्रम्स इतके घट्ट, इतके कोरडे कधीच वाजले नव्हते. कातडी हाताखाली अशी उसळत होती की एरवी मी आनंदाने वेडी झाले असते. आम्ही चढलो आणि समोरच्या गर्दीने ओरडायला सुरुवात केली, गाऱ्हाणं, गाऱ्हाणं. मोबाईलवर बघून सगळ्यांना पाठ होतं. मी गिटारवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे बघू नको. तो मान तेचो." तरी लोकांसाठी तोच माइकपाशी गेला, तोंड उघडलं आणि मागे सरला. मला ती शांतता सहन होईना. मी दणका दिला.

"व्हय म्हाराजा!"

पुन्हा दिला. "व्हय म्हाराजा!" लोक खूश होते. कुणी काही मागितलंच नव्हतं आणि ते सगळे हो म्हणत होते. मी वाजवत राहिले आणि रडत राहिले. घामात कुणाला कळलं नाही. गिटारवाल्याने गाणी म्हटली, त्याच्या चर्चच्या गोड आवाजात. माकडं पळाली नसती. टाळ्या पडल्या. बँड संपल्याचं कुणी जाहीरही केलं नाही. गिटारवाला पुढे क्रूझच्या बोटीवर नोकरीला लागला, पाहुण्यांना जेवताना गिटार ऐकवतो. सणासुदीला फोटो पाठवतो.

आम्ही परतलो आणि त्याच आठवड्यात देवाने जत्रेची तारीख दिली. खोड्या काढायची हौस देवालाही असते. मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही.

नंतर दुसऱ्या बँडवाल्यांनी बोलावलं. गोव्याहून बोलावलं, कोल्हापूरहून बोलावलं. मी प्रत्येकाला काहीतरी कारण सांगितलं. खरं कारण मला सांगायला लाज वाटायची: काठ्या हातात घेतल्या की ते वाक्य आठवायचं, दुसरीकडे खंय वाजवच्या आधी. मी देवाला फारशी मानत नाही. पण हजार माणसांनी हो म्हटल्यावर माझ्या एकटीच्या नाहीला काय अर्थ? ड्रम्स शेडमध्ये ताडपत्रीखाली, लाइफ जॅकेटच्या ढिगाशेजारी पडले. मी पाहुण्यांना सोलकढी वाढते, डॉल्फिन कधी दिसतील ते सांगते. वाटी वाजते, ट्रे वाजतो, दार वाजतं. आईने बोलणं सोडून दिलंय.

दोन-तीन वर्षांपूर्वी गाणाऱ्याचे वडील गेले. गिटारवाल्याच्या आईकडून कळलं. यंदा तिनेच सांगितलं, जत्रेची तारीख लागली, आता गाऱ्हाणं तो घालतो. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जत्रेच्या दिवशी सकाळपासून इतक्या गोष्टी हातून पडल्या की आई म्हणाली, "जा गो बाय एकदाचा. माझी उरलेली कपा तरी वाचतीत."

गेले. काठ्या मुद्दाम घरी ठेवल्या. कुणाला वाटायला नको की बाई वाजवायला आली. कणकवली मागे टाकून फोंड्याच्या रस्त्याला लागले तेव्हा काजूच्या बोंडांचा वास यायला लागला आणि दोनदा वाटलं, परत फिरावं. ऊन उतरता उतरता पोचले. देवळापुढे ही गर्दी. मी पुढे जायचं धाडस केलं नाही. जत्रेतला गुळाचा खाजा विकणाऱ्या खाजेवाल्याच्या दुकानाशी, त्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याला टेकून उभी राहिले.

भोंग्यातून त्याचा आवाज आला. जाड झालाय, जरा फाटलाय, पण तोच.

"बा देवा म्हाराजा! बारा पाचांच्या मानकऱ्या! ही तुझी रयत तुझ्या पायाकडे जमली आसा..."

आणि मग काहीच नाही. एक ठोका रिकामा गेला. एवढी माणसं तो ठोकाभर थांबली आणि मग म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

माझी बोटं डब्यावर थांबली. पुन्हा वाक्य, पुन्हा तो रिकामा ठोका, आणि मग होकार. वडिलांच्या गाऱ्हाण्यात ही जागा नव्हती. मी शपथेवर सांगते, नव्हती. मी खाजेवाल्याला विचारलं, हे मधे थांबतात कशाला? तो खाजा तोलत म्हणाला, "कोणाक म्हायत. ह्यो नवीन मानकरी असोच घालता. वायच थांबता. पयले लोक चुकायचे, आता सवय झाली."

"...कोणाचा काय बोललेला फेडूचा रवला आसात," भोंगा म्हणाला, "ता आज तुझ्या दारात फेडून घे..."

ठोका आला. मी मूठ वळली आणि सगळ्या अंगाने त्या डब्यावर मारली.

धडाम.

"व्हय म्हाराजा!" अख्खी जत्रा ओरडली. आजूबाजूची माणसं दचकून वळली. खाजेवाल्याने तराजू सोडला. "गो बाय, डबो फोडतंस काय!"

भोंगा गप्प होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ. लांबवर, माणसांच्या डोक्यांवरून, मला त्याची फक्त टोपी दिसत होती. ती वळली नाही. मग त्याने घसा खाकरला आणि पुढचं वाक्य घेतलं, सावकाश, माकडं हाकलणाऱ्या आवाजात, आणि त्या वाक्याच्या शेवटी जागा सोडली. आधीपेक्षा मोठी.

खाजेवाल्याने माझ्या हातांकडे बघितलं. मग मधली खाज्याची परात उचलून बाजूला ठेवली आणि डबा माझ्यासमोर सरकवला.